प्रौढपणी गणित : शिकावे की न शिकावे?

महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. संस्थेचा इतिहास सांगणारी आमच्याहून वडील व अधिकारी मंडळी आहेत. देणगीदारांचे ऋण मानण्याचे काम चिटणीसांचे आहे. आमच्यापाशी सांगण्यासारखा एकच अनुभव आहे, आणि तो फारसा भूषणावहही नाही. ज्या विषयाने शाळेत आम्हांस रडवले, त्या गणिताचा अभ्यास वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी नेटाने करावा की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्यानंतर आपल्या सभासदांपैकी चार-पाच जणांनी हाच प्रश्न आम्हांस खाजगीत, जरा आवाज खाली करून विचारला. म्हणून त्याचा विचार येथे उघडपणे मांडीत आहोत.

प्रश्न कसा उत्पन्न झाला

आम्ही जन्मभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली. बेरजा-वजाबाक्या चुकू दिल्या नाहीत, ताळेबंद वेळेवर जुळवले. परंतु गणित आपले नव्हे, ही समजूत सातवीपासून मनात घर करून बसली होती. त्या वेळी एका गुरुजींनी भर वर्गात आमची पाटी वर करून दाखवली होती आणि सारा वर्ग हसला होता. गुरुजींचा हेतू वाईट नसेल, पण तो हशा आम्ही पुढे चाळीस वर्षे ऐकत राहिलो.

एका संध्याकाळी आमची मुलगी, तेव्हा ती आठवीत होती, वही घेऊन आली व म्हणाली, "बाबा, ऋण गुणिले ऋण धन का होते?" आम्ही म्हणालो, "नियम आहे तो. पाठ कर." ती काही बोलली नाही, वही मिटून निघून गेली. सौ. मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "येत नाही म्हणावं सरळ. नियम आहे काय सांगता!" त्या रात्री झोप आली नाही. मुलीने विचारलेला 'का' आम्हांसही तिच्या वयात पडला होता, आणि आम्हांसही हेच उत्तर मिळाले होते. तेच उत्तर आम्ही पुढच्या पिढीच्या पदरात टाकून मोकळे झालो होतो.

उत्तर पुढे आम्हांस सापडले, आणि ते चार ओळींचे निघाले. एक व उणे एक यांची बेरीज शून्य. शून्यास उणे एकाने गुणले तरी शून्यच. आता हाच गुणाकार कंस सोडवून करा : उणे एक गुणिले एक म्हणजे उणे एक, आणि त्यात मिळवायचे उणे एक गुणिले उणे एक. या दोहोंची बेरीज शून्य यायची असेल, तर दुसऱ्या गुणाकाराचे उत्तर अधिक एक असल्यावाचून गत्यंतर नाही. हा कोणी वरून लादलेला नियम नव्हे. कंस सोडवण्याची रीत ऋण संख्यांनाही लागू राहावी अशी आपली इच्छा असेल, तर हे मान्य करावेच लागते. चाळीस वर्षे ज्याला आम्ही हुकूम समजत होतो, त्याच्यामागे कारण होते. ते कळले त्या दिवशी आनंद झाला आणि थोडा रागही आला. अभ्यासाची इच्छा त्यातूनच निर्माण झाली.

भीती नेमकी कशाची?

इच्छा झाली तरी धीर होत नव्हता. मनाशी विचार केला तेव्हा दिसले की भीती तीन प्रकारची आहे.

पहिली भीती बुद्धीची : आपल्या डोक्यात हा विषय शिरणारच नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाळेत ज्यात आम्ही मागे पडलो ते बहुतांशी भराभर आकडेमोड करणे व घड्याळाशी शर्यत लावणे होते. गणिताचा गाभा याहून निराळा आहे. एखादी गोष्ट खरी का आहे, याचा शोध घेणे व ते कारण दुसऱ्यास पटेल अशा क्रमाने मांडणे, यास सिद्धता म्हणतात. तीत वेगाला बक्षीस नसते. तेव्हा शाळेतल्या गुणांवरून आपल्या गणितबुद्धीचा निवाडा करणे म्हणजे धावण्याच्या शर्यतीवरून गाण्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

दुसरी भीती वयाची. इंग्लंडचे थोर गणितज्ञ हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्याशा पुस्तकात, गणित हे तरुणांचे काम होय, असे मत मांडले आहे. हे वाचून पुष्कळांचा उत्साह मावळतो. पण हार्डी बोलत होते ते नवे गणित निर्माण करण्याविषयी. दुसऱ्यांनी केलेले सुंदर काम समजून घेण्यास त्यांनी वयाची मर्यादा घातलेली नाही. उतारवयात भजन शिकणाऱ्यास, तुम्ही आता भीमसेन जोशी होणार नाही, असे सांगून कोणी परत पाठवीत नाही.

तिसरी भीती हशाची, आणि खरे सांगावयाचे तर हीच सर्वांत मोठी. तिच्यावर आम्हांस एकच औषध सापडले. आपण भ्यायलो तर ती भीती आपल्यापाशीच राहत नाही, हे एकदा ओळखावे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीतल्या मुलांची पाहणी केली होती. ज्या आईबापांना गणिताची धास्ती होती व जे मुलांना गृहपाठात वरचेवर मदत करीत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची स्वतःची धास्तीही वाढली. "मलासुद्धा गणित जमत नव्हतं हो," हे वाक्य आपल्या घरांत आपण किती लाडाने उच्चारतो! ते मुलांच्या कानी वारसा म्हणून पडत असते.

तीन माणसे

आता उदाहरणे. हेतू हा नव्हे की वाचकांनी आपणही असेच कीर्तिमान होऊ असे समजावे. ही माणसे विरळा होती. पण त्यांनी सुरुवात कशी केली, तेवढे पाहण्यासारखे आहे.

जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडातील नॉटिंगहॅमजवळच्या एका पवनचक्कीवाल्याचा मुलगा. शाळा घडली ती लहानपणी जेमतेम सव्वा-दीड वर्ष. पुढे चक्कीवर दळण दळायचे. तिसाव्या वर्षी, १८२३ साली, तो गावच्या वर्गणीच्या ग्रंथालयाचा सभासद झाला. पाच वर्षांनी, १८२८ साली, त्याने वीज व चुंबकत्व यांच्या गणितावर एक निबंध छापला. वर्गणीदार मिळाले सुमारे पन्नास, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो समजला नसावा. चाळिसाव्या वर्षी तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला व चौथा रँग्लर झाला. रँग्लर हा शब्द मराठी माणसास ठाऊक आहे तो १८९९ साली सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथराव परांजप्यांमुळे. ग्रीन १८४१ साली वारला. त्याचा निबंध १८४५ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती पडला आणि मग जगास त्याची किंमत कळली. आज इंजिनियरिंगचा विद्यार्थी ग्रीनचे प्रमेय शिकल्यावाचून पुढे जात नाही.

ग्रीनची हकीकत वाचताना आम्हां बडोदेकरांना आपल्या ग्रंथालयांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांस बोलावून ग्रंथालयांची योजना हाती घेतली. शाळा सोडलेल्या माणसाचे शिक्षण थांबू नये, हे त्यामागचे धोरण होते. त्या ग्रंथालयांत आमचे आजोबा बखरी व कादंबऱ्या वाचीत. पुस्तकांची सोय त्या वेळीही होती, आजही आहे. गणिताच्या कपाटाकडे जाण्यास आम्हांस कोणी अडवले नव्हते.

दुसरे उदाहरण भगिनीवर्गासाठी. मार्जरी राइस ही अमेरिकेतील सॅन डिएगो येथील गृहिणी, पाच मुलांची आई, शिक्षण शाळेपुरते. मुलासाठी घरी येणाऱ्या विज्ञान मासिकात तिने १९७५ साली मार्टिन गार्डनर यांचा लेख वाचला. एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी, मध्ये फट न ठेवता, जमीन किती प्रकारे भरता येईल, असा तो विषय होता. ती तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ती आकृत्या काढी आणि कोणी आले की झाकून ठेवी. गणिताची रूढ चिन्हे तिला येत नव्हती, तेव्हा तिने स्वतःचीच चिन्हे बनवली. १९७६ व १९७७ या दोन वर्षांत तिने असे चार नवे प्रकार शोधले, आणि डोरिस शॅट्श्नायडर या गणितज्ञ बाईंनी ते तपासून खरे ठरवले. आकृत्या झाकून ठेवण्याची गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस आमची उशीखाली लपवलेली वही आठवली.

तिसरे आपले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूस १९०५ साली जन्म, फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, आणि पुढची सारी नोकरी देवळालीस शाळामास्तर म्हणून. पदवीपुढचे शिक्षण नाही. पुष्कळ वर्षे मोठ्या मंडळींनी त्यांच्या कामाकडे गंमत म्हणून पाहिले. १९७५ साली त्याच मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

तिघांत एक गोष्ट समान आहे. 'मी गणितज्ञ होऊ शकेन का?' या प्रश्नाच्या निकालासाठी त्यांपैकी कोणी थांबून राहिले नाही. त्यांना एक एक कोडे धरून बसले होते व ते सुटेपर्यंत त्यांनी त्यास सोडले नाही.

गंभीर अभ्यास म्हणजे काय?

कापरेकरांचे एक कोडे घेऊनच हे सांगतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा : ५४३२. चढत्या क्रमाने मांडा : २३४५. वजाबाकी करा : ३०८७. तिच्यावर हीच क्रिया करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता पुढे ७६४१ वजा १४६७ केलेत तर पुन्हा ६१७४ च येते. कोणतीही संख्या घ्या, शून्ये गाळू नका, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येऊन उभी राहते.

येथवर गंमत झाली. घरी लहानमोठ्यांनी मिळून करण्यासारखी आहे. गंभीर अभ्यास सुरू होतो तो पुढच्या प्रश्नाने : प्रत्येक संख्येचे असेच होते हे कशावरून? अशा संख्या ८,९९१ आहेत. सगळ्या करून पाहायच्या काय?

चार अंकांस उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड म्हणा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केली की उत्तर येते : ९९९ गुणिले (अ − ड), अधिक ९० गुणिले (ब − क). आमच्या उदाहरणात अ − ड म्हणजे ३ व ब − क म्हणजे १. म्हणून २९९७ अधिक ९०, म्हणजे ३०८७. ताळा जमला. याचा अर्थ असा की उत्तर चारही अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ पासून ९ पर्यंत असू शकतो. दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकाइतका, त्याहून मोठा नाही. मोजून पाहा : २ अधिक ३ अधिक ४ असे १० पर्यंत, एकूण ५४. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर नऊ हजारांच्या जागी फक्त चोपन्न संख्या उरतात! त्या चोपन्न एका रविवारी दुपारी हाताने तपासता येतात. आम्ही तपासल्या. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जुळल्या.

वाचकहो, हा परिच्छेद वाचताना आपणांस कंटाळा आला की पुढे काय याची ओढ लागली? नऊ हजारांचे चोपन्न झाले त्या क्षणी मनात थोडेसे हलले का? आपल्या निर्णयाचा अर्धा भाग या उत्तरात आहे. ही परीक्षा आम्हांस शाळेतल्या प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

निर्णय कसा घ्यावा?

उरलेला अर्धा भाग व्यवहाराचा आहे. आमच्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात देतो.

पहिले, हेतू तपासावा. जुन्या गुरुजींना किंवा मेहुण्याला दाखवून द्यायचे असेल, तर तो उत्साह दोन महिन्यांत संपतो. एखादा 'का' खरोखर छळीत असेल तर तो पुरतो.

दुसरे, वेळ कोणाचा जाणार हे घरी बोलून ठरवावे. आम्ही प्रथम चोरून रात्री अभ्यास करू लागलो. परिणामी झोप बिघडली आणि घरात कुरबूर झाली. मग सौ.नीच तोडगा काढला : पहाटे साडेपाच ते साडेसहा आमचा, त्या बदल्यात संध्याकाळची भाजी व दळण आमच्याकडे. हा करार आजतागायत चालू आहे. नोकरी सोडण्याचा विचार मात्र कोणी मनात आणू नये. कापरेकरांनीही सोडली नव्हती.

तिसरे, मागे जाण्याची लाज धरू नये. आम्ही आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात केली. त्यानंतर भूमिती, मग कलन, मग संख्याशास्त्रांतील सोपी प्रमेये. पाया कच्चा ठेवून वरचा मजला बांधणारे पुष्कळ जण, आपणांस बुद्धी नाही, असे म्हणून मध्येच सोडतात. वास्तविक त्यांना बुद्धी कमी नसते, नववीतला एखादा धडा कमी असतो. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके आज इंटरनेटवर फुकट मिळतात. आयआयटीच्या अध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या योजनेत विनामूल्य ऐकता येतात. पदवीच हवी असेल तर १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. गणित सोडवावे कसे हे शिकण्यास पोल्या यांचे १९४५ सालचे पुस्तक उत्तम. त्यांचा क्रम असा : प्रश्न नीट समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, आणि शेवटी मागे वळून पाहा. आम्ही चौथी पायरी नेहमी गाळीत असू, आणि शिकायला मिळते ते तेथेच.

चौथे, जन्माची प्रतिज्ञा करू नये. सहा महिन्यांची मुदत घालावी. रोज एक तास, आठवड्यास सहा दिवस धरले तर सुमारे दीडशे तास होतात. मुदतीअखेर गुण मोजू नयेत, तीन प्रश्न विचारावेत. न सुटलेल्या उदाहरणाकडे दुसऱ्या दिवशी आपण आपणहून परतलो का? आपली चूक उत्तर न पाहता आपणांस सापडू लागली का? शिकलेली एक तरी गोष्ट पुस्तक मिटून घरातल्या माणसास समजावता आली का? तिन्हींस होकार असेल तर पुढे जावे. नकार असेल तर निर्धास्तपणे थांबावे. सहा महिने करून थांबणारा माणूस हरलेला नसतो. त्यास आपले उत्तर मिळालेले असते. न करताच 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्यास ते आयुष्यभर मिळत नाही.

आणि शंका जाईल काय? नाही. ती आमचीही गेलेली नाही. आम्ही पुढे परीक्षेस बसलो तेव्हा पहिल्या वर्षी एका विषयात नापास झालो, दुसऱ्या खेपेस काठावर सुटलो. नापास झालो त्या दिवशी सातवीतला तो हशा पुन्हा ऐकू आला. फरक एवढाच की या वेळी आम्ही उत्तरपत्रिकेतली चूक शोधली, आणि ती सापडली. चूक मर्यादेच्या व्याख्येत होती, आमच्या डोक्याच्या घडणीत नव्हती.

आमची मुलगी पुढे वाणिज्य शाखेस गेली. तिने गणित हा विषय घेतला नाही, आणि आम्ही आग्रहही धरला नाही. पण सोडला तो भिऊन नव्हे, स्वतःच्या आवडीने, याचे आम्हांस समाधान आहे. परवा तिने भाच्याला ऋण संख्यांचा तोच प्रश्न समजावताना आम्ही दारातून ऐकले. "नियम आहे म्हणून नाही हं," ती म्हणत होती, "थांब, कारण दाखवते."

आपली संस्था दरवर्षी विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या व वह्या देते. ते काम मोठे आहे, व ते वाढत राहो. त्याच्या जोडीस एक लहानशी विनंती आहे. संस्थेच्या सभागृहातली एक खोली आठवड्यातून एक तास मोठ्या माणसांच्या गणितासाठी मोकळी मिळावी. फळा व खडू एवढेच पुरे. येथे कोणी कोणास हसणार नाही, एवढा एकच नियम ठेवू. जो सभासद किंवा जी भगिनी येऊ इच्छील, तिने आपला एक न सुटलेला 'का' सोबत आणावा. आम्ही आमचा आणू.